प्रकाश-नियंत्रण फलकाची निवड

रंगमंचावरील दिव्यांची तीव्रता एका जागेवरून कमीअधिक करण्याचे साधन म्हणजे प्रकाश-नियंत्रण फलक होय. व्यावसायिक नाट्यगृहात हा फलक नाट्यगृहाच्या मालकीचा असतो व तो चालविण्यासाठी वेतनावर नेमलेला माणूस असतो. हौशी नाट्यसंस्थेची स्थिती वेगळी असते. तिचे सभासद दिवसभर नोकरी करून संध्याकाळी तालमीला जमतात. वर्षाकाठी दोन किंवा तीन प्रयोग होतात आणि वर्गणी व देणग्या यांतून जमलेल्या रकमेतच नेपथ्य, वेशभूषा, सभागृहाचे भाडे आणि दिवे या सर्वांचा खर्च भागवावा लागतो. अशा संस्थेने फलक विकत घेण्याचे ठरविले, तर तो निर्णय पुढील आठदहा वर्षांसाठी असतो. निवड चुकली तर नवा फलक घेण्याइतका पैसा पुन्हा लवकर जमत नाही. म्हणूनच या प्रश्नाचा विचार बारकाईने करणे आवश्यक आहे.

उदाहरणादाखल या प्रकरणात जबलपूर हे शहर घेतले आहे. नर्मदाकाठचे हे शहर १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली होते. पुढे ते मध्य प्रांतात समाविष्ट झाले आणि १९५६ साली नव्या मध्य प्रदेश राज्याच्या उच्च न्यायालयाचे ठिकाण बनले. संरक्षण-साहित्याचे कारखाने, वीज मंडळाचे मुख्यालय, रेल्वे व अभियांत्रिकी महाविद्यालय यांमुळे येथे तांत्रिक ज्ञान असलेला नोकरदारवर्ग मोठ्या प्रमाणावर स्थायिक झाला. त्यात मराठी कुटुंबेही बरीच आहेत. शहराला नाट्यपरंपराही आहे. १९६१ साली स्थापन झालेल्या ‘विवेचना’ या संस्थेने हिंदी रंगभूमीवर नाव मिळविले असून तिचे राष्ट्रीय नाट्यसमारोह प्रसिद्ध आहेत. गोलबाजारातील शहीद स्मारक भवन, मानस भवन आणि वीज कंपन्यांच्या शक्ती भवन परिसरातील तरंग प्रेक्षागृह ही येथील परिचित सभागृहे होत. परंतु हौशी संस्थांचे कित्येक प्रयोग शाळांच्या सभागृहांत किंवा उत्सवाच्या मंडपांतही होतात. एकाच नाटकासाठी जागा वारंवार बदलते ही गोष्ट फलकाच्या निवडीत निर्णायक ठरते.

मशालीपासून विद्युत्-कणांपर्यंत

५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले, तेव्हा तेलाच्या दिव्यांवाचून आणि मशालींवाचून दुसरे साधन उपलब्ध नव्हते. प्रकाश होता, पण त्यावर नियंत्रण नव्हते. १८८१ साली लंडनच्या सॅव्हॉय थिएटरमध्ये विजेचे दिवे लागले. विजेच्या दिव्याचा खरा लाभ केवळ त्याच्या झगझगाटात नव्हता. एका ठिकाणी बसून दूरचा दिवा हळूहळू मालवता येणे, हा त्याहून मोठा लाभ होता.

दिव्याकडे जाणारा विद्युत्-प्रवाह कमी केला की दिवा मंद होतो. हे काम करणाऱ्या उपकरणास ‘डिमर’ म्हणतात. प्रारंभीचे डिमर रोधतारांचे होते. जेवढी वीज दिव्याला नाकारली जाई, तेवढी त्या तारांत उष्णतेच्या रूपाने वाया जाई. आपल्याकडील कित्येक संस्थांनी तर चिनीमातीच्या नळीत मिठाचे पाणी भरून त्यात धातूची पट्टी वरखाली करण्याची युक्ती वापरली. ती स्वस्त होती, पण अतिशय धोकादायक होती. उघडी पट्टी, ओले हात आणि २३० व्होल्टचा प्रवाह एकत्र आल्यावर अपघात होण्यास एक निष्काळजी क्षण पुरेसा असतो. ही पद्धत आज कोणत्याही कारणास्तव पुन्हा वापरू नये.

१९५७ साली अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीने थायरिस्टर हा अर्धवाहक घटक तयार केला आणि डिमरचे स्वरूप पालटले. थायरिस्टर प्रवाह जाळून टाकीत नाही. सेकंदाला शंभर वेळा, म्हणजे प्रत्यावर्ती प्रवाहाच्या प्रत्येक अर्ध्या लहरीत, तो प्रवाहाचा काही भाग अडवितो आणि उरलेला जाऊ देतो. त्याला आज्ञा देण्यास अत्यल्प विद्युत्-दाब पुरतो. त्यामुळे प्रचंड प्रवाह वाहणारे डिमर रंगमंचामागे ठेवणे आणि फक्त आज्ञा देणारा हलका फलक प्रेक्षकांच्या पाठीमागे ठेवणे शक्य झाले. प्रकाशयोजनाकार आपली योजना प्रेक्षकाच्या डोळ्यांनी पाहू लागला.

येथे एक भेद पक्का ध्यानात ठेवला पाहिजे. फलक आणि डिमर ही दोन वेगळी उपकरणे आहेत. फलक आज्ञा देतो व डिमर ती पाळतो. उत्तम फलक घेतल्याने डिमरची क्षमता वाढत नाही, आणि मोठे डिमर घेतल्याने फलक अधिक शहाणा होत नाही.

प्रथम विजेचा हिशेब

फलक पाहण्यासाठी दुकानात जाण्यापूर्वी संस्थेने आपण ज्या सभागृहांत प्रयोग करतो, तेथील वीजपुरवठ्याची नोंद करावी. समजा, संस्थेजवळ १००० वॅटचे १२ दिवे आहेत. सर्व दिवे पूर्ण तीव्रतेने लागले, तर एकूण भार १२,००० वॅट होतो. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर हा प्रवाह सुमारे ५२ अँपिअर भरतो. सभागृहात तीन फेजचा पुरवठा असेल आणि प्रत्येक फेजवर चार दिवे वाटून दिले असतील, तर प्रत्येक फेजवर सुमारे १७.४ अँपिअरचा भार येतो. हा भार योग्य जाडीच्या तारा सहज पेलू शकतात.

शाळेच्या सभागृहात मात्र बहुधा १६ अँपिअरचे एखाददुसरे सॉकेटच मिळते. त्यातून ३६८० वॅटपेक्षा अधिक शक्ती घेता येत नाही, म्हणजेच १००० वॅटचे तीनच दिवे लावता येतात. अशा ठिकाणी २४ दिव्यांचा फलक नेऊन उपयोग काय? फलकावरील सरकपट्ट्या मोकळ्या राहतील, आणि उत्साहाच्या भरात चौथा व पाचवा दिवा जोडला गेला तर फ्यूज उडेल किंवा भिंतीतील तार तापेल. नाट्यप्रयोग अंधारात बुडणे ही नामुष्की होय, परंतु भिंतीतील तार तापणे हा जिवावरचा प्रसंग आहे.

थायरिस्टर डिमरच्या बाबतीत आणखी एक तांत्रिक मुद्दा आहे. साध्या दिव्यांचा भार तीन फेजवर समान वाटला की न्यूट्रल तारेतील प्रवाह जवळजवळ शून्य होतो, असे पाठ्यपुस्तकात सांगितले जाते. थायरिस्टर लहरीचा भाग कापतो, तेव्हा मात्र हा नियम लागू पडत नाही. तीनही फेजमधील काही प्रवाह न्यूट्रल तारेत परस्परांना रद्द न करता एकत्र जमा होतात. म्हणून न्यूट्रल तार फेजच्या तारेपेक्षा बारीक कधीही असू नये. जबलपूरसारख्या शहरात वीज कंपनीत किंवा कारखान्यात काम करणारा एखादा सभासद संस्थेत असण्याचा पुष्कळ संभव असतो. प्रत्येक नव्या सभागृहाची पाहणी त्याच्याकडून करून घ्यावी. ३० मिलिअँपिअरच्या गळतीवर पुरवठा तोडणारा सुरक्षा-खटका आणि खात्रीचे अर्थिंग यांवरील खर्च फलकाच्या आधी करावा.

फलकांचे तीन प्रकार

बाजारात मिळणाऱ्या फलकांचे, हौशी संस्थेच्या दृष्टीने, तीन वर्ग पाडता येतात.

पहिला वर्ग हातांनी चालविण्याच्या दुपदरी फलकाचा. यात सरकपट्ट्यांच्या दोन ओळी असतात. पहिल्या ओळीवर चालू प्रवेशाचा प्रकाश असतो. तो प्रवेश चालू असतानाच दुसऱ्या ओळीवर पुढील प्रवेशाची मांडणी करून ठेवतात. वेळ आली की दोन मुख्य सरकपट्ट्या विरुद्ध दिशांना सरकवितात. पहिला प्रकाश मावळतो आणि दुसरा उगवतो. त्यानंतर रिकाम्या झालेल्या ओळीवर तिसरी मांडणी सुरू होते. ही पद्धत अर्ध्या तासात शिकता येते व दिव्याचे वर्तन हाताला थेट जाणवते. तिची मर्यादा वेळेची आहे. दोन तासांच्या नाटकात ६० प्रकाशबदल असतील, तर सरासरी दोन मिनिटांस एक बदल येतो. परंतु नाटकातील बदल सरासरीने येत नाहीत. शांत प्रवेशात पंधरा मिनिटे काहीच घडत नाही आणि उत्कर्षाच्या क्षणी एका मिनिटात पाच बदल हवे असतात. तेव्हा १२ सरकपट्ट्या दर वेळी नव्याने मांडणे मानवी हातांना शक्य होत नाही.

दुसरा वर्ग स्मृती असलेल्या फलकाचा. तालमीत ठरविलेली प्रत्येक मांडणी तो क्रमाने साठवून ठेवतो आणि प्रयोगात एक कळ दाबताच ठरलेल्या वेळात पुढील मांडणी आणतो. संध्याकाळचा प्रकाश ४० सेकंदांत मावळावा असे ठरले असेल, तर तो प्रत्येक प्रयोगात ४० सेकंदांतच मावळतो.

तिसरा वर्ग संगणकाचा. संगणकावर प्रकाश-नियंत्रणाची आज्ञावली बसवून लहानशा जोडपेटीद्वारे डिमरना संदेश पाठविता येतात. खर्चाच्या मानाने यात मिळणाऱ्या सोयी पुष्कळ आहेत. परंतु संगणक हा बहुधा कुणा सभासदाच्या घरचा असतो. तो प्रयोगाच्या मध्येच झोपी जातो, स्वतःची दुरुस्ती सुरू करतो किंवा पडद्यावर भलताच निरोप झळकवितो. या कामासाठी वेगळा ठेवलेला व इतर कशासाठीही न वापरलेला संगणक असेल, तरच हा मार्ग विश्वसनीय ठरतो. शिवाय, उंदीरकळीने एका वेळी एकच सरकपट्टी हलविता येते, ही त्याची अडचण विसरता येत नाही.

दिव्यांची संख्या आणि मार्गांची संख्या

जुन्या पद्धतीत फलकापासून प्रत्येक डिमरपर्यंत स्वतंत्र तार जात असे आणि शून्य ते दहा व्होल्टचा दाब त्या डिमरला आज्ञा देई. १९८६ साली अमेरिकेतील रंगमंच-तंत्रज्ञांच्या संस्थेने ‘डीएमएक्स ५१२’ ही संकेतपद्धती निश्चित केली. त्यानुसार एकाच तारेतून ५१२ मार्गांच्या आज्ञा एकामागून एक धाडल्या जातात. प्रत्येक आज्ञा शून्य ते २५५ यांमधील एक अंक असते. प्रत्येक उपकरणास एक क्रमांक दिलेला असतो आणि ते आपल्या क्रमांकाची आज्ञा तेवढी उचलते. टपालातील पत्रे ज्याप्रमाणे एकाच थैलीतून येऊन घरोघर वाटली जातात, तशीच ही व्यवस्था आहे. निरनिराळ्या कंपन्यांची उपकरणे एकत्र चालावीत हा तिचा उद्देश होय. म्हणून आज घेतला जाणारा फलक याच पद्धतीचा असावा. एखादा जुना फलक केवळ स्वस्त मिळतो म्हणून शून्य ते दहा व्होल्टच्या पद्धतीचा घेतला, तर संस्था जुन्या डिमरशी कायमची बांधली जाते.

फलकावर मार्ग किती असावेत, याचे उत्तर पूर्वी सोपे होते: जितके डिमर, तितके मार्ग. एलईडी दिव्यांमुळे हा हिशेब बदलला आहे. एका रंगीत एलईडी दिव्याला तांबडा, हिरवा, निळा आणि एकूण तीव्रता असे चार मार्ग सर्वसाधारणपणे लागतात. वरील संस्थेने आपल्या १२ जुन्या दिव्यांच्या जोडीला असे सहा दिवे घेतले, तर त्यांना २४ मार्ग लागतील. जुन्या दिव्यांचे डिमर १ ते १२ क्रमांकांवर राहतील. नव्या दिव्यांचे क्रमांक १३, १७, २१, २५, २९ व ३३ पासून सुरू होतील आणि शेवटचा मार्ग ३६ वा असेल. दिवे १८ असले तरी मार्ग ३६ झाले. २४ मार्गांचा साधा दुपदरी फलक आजच अपुरा पडला आणि उद्याच्या वाढीस तर जागाच उरली नाही.

एलईडी दिव्यांची वीज अगदी कमी लागते आणि शाळेच्या एकाच सॉकेटवर असे सहाही दिवे आरामात चालतात. फिरत्या संस्थेस हा लाभ फार मोठा आहे. तथापि एक दक्षता अवश्य घ्यावी. हे दिवे थायरिस्टर डिमरला कधीही जोडू नयेत. त्यांचा वीजपुरवठा सरळ व अखंड असावा आणि तीव्रतेची आज्ञा फक्त संकेताच्या तारेतून जावी. डिमरला जोडल्यास ते लुकलुकतात व कालांतराने निकामी होतात. त्यांच्या प्रकाशाचा स्वभावही निराळा असतो. तारेचा दिवा मंद होताना तांबूस होत जातो आणि निखाऱ्यासारखा विझतो. साधा एलईडी दिवा रंग न बदलता मंद होतो आणि अखेरच्या टप्प्यात पायऱ्यापायऱ्यांनी उतरताना दिसतो. सांजवेळ दाखविणाऱ्या प्रवेशात हा फरक प्रेक्षकालाही जाणवतो. म्हणून फलक विकत घेण्यापूर्वी आपल्याच दिव्यांवर त्याची मंद होण्याची गती पाहून घ्यावी.

नट चुकतो तेव्हा

हौशी प्रयोगात संवाद गाळले जातात. एखादा नट दुसऱ्या अंकातील वाक्य आधीच बोलून टाकतो, आणि सहकलाकार प्रसंगावधानाने तीन पाने ओलांडून त्याच्या मागे जातात. अशा वेळी ज्या फलकावर ‘पुढचे’ एवढीच एक कळ आहे, तो चालकाला अडचणीत आणतो. मधल्या चार मांडण्या झरझर चमकून जातात आणि प्रेक्षकांना झालेली चूक कळते. हाताने चालविण्याच्या फलकावर मात्र चालक हवा तो दिवा ताबडतोब वर घेऊ शकतो.

म्हणून हौशी संस्थेसाठी सर्वांत उपयुक्त फलक दोन्ही पद्धतींचा संगम साधणारा असतो. त्यात मांडण्या साठविण्याची सोय असावी, कोणत्याही क्रमांकाच्या मांडणीवर थेट जाता यावे आणि स्मृतीतील प्रकाश चालू असतानाही निवडक दिवे हाताने कमीअधिक करता यावेत. या तीन गोष्टी नसतील तर बाकीच्या शंभर सोयींना फारसा अर्थ नाही. फिरत्या दिव्यांचे नृत्य, संगीताच्या तालावर चमकणारे रंग इत्यादी सोयी वृंदवादनाच्या कार्यक्रमांसाठी केलेल्या असतात. नाटकाला त्यांची गरज क्वचितच पडते, परंतु त्यांची किंमत मात्र भरावी लागते.

दुरुस्ती, वीज आणि माणसे

जबलपूरहून नागपूर सुमारे पावणेतीनशे किलोमीटरवर आहे आणि मुंबई त्याहून कितीतरी दूर. प्रयोगाच्या आदल्या दिवशी फलक बिघडला तर तो पाठवून दुरुस्त होऊन येणे अशक्य असते. तेव्हा खरेदीपूर्वी पुढील गोष्टी विचाराव्यात: सरकपट्टी निकामी झाल्यास ती स्थानिक कारागिराला बदलता येते काय? सुटे भाग मिळतात काय? त्याच बनावटीचा फलक शहरातील दुसऱ्या संस्थेकडे किंवा दिवे भाड्याने देणाऱ्याकडे आहे काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असेल, तर थोड्या कमी सोयींचा फलकही अधिक चांगला समजावा. कारण अडचणीच्या रात्री उसना फलक आणि तो चालविणारा जाणकार हे दोन्ही हाताशी असतात.

वीज जाणे आणि जनरेटर सुरू होणे या दोहोंमध्ये काही क्षण जातात. तेवढ्यात फलक बंद पडून पुन्हा जागा होण्यास वेळ लागला, तर दिव्यांना वीज मिळूनही रंगमंच अंधारात राहतो. फलकापुरता छोटा बॅटरीसंच जोडला तर हा प्रश्न सुटतो. संकेत तुटल्यावर डिमर शेवटची तीव्रता राखतो की दिवा विझवितो, हे बनावटीनुसार ठरते. तेही आधीच तपासून ठेवावे.

खरेदीच्या वेळी फलकाची परीक्षा पुढीलप्रमाणे करावी. सर्व दिवे एकाच हालचालीत विझतात का, ते पाहावे. एक मिनिटाचा मंद बदल लावून दिवा कोठे झटका तर घेत नाही ना, ते न्याहाळावे. दहा मांडण्या साठवून फलकाची वीज काढावी आणि पुन्हा जोडल्यावर त्या शाबूत आहेत की नाहीत, याची खात्री करावी. शेवटी, ज्याने हा फलक पूर्वी कधी पाहिला नाही अशा सभासदास तो समजावून द्यावा. अर्ध्या तासात त्यास एक साधा प्रवेश चालविता आला, तर फलक संस्थेच्या उपयोगाचा आहे. एकाच माणसाला कळणारा फलक त्या माणसाच्या बदलीबरोबर निरुपयोगी होतो, आणि कारखाने व सरकारी कचेऱ्यांच्या गावात बदल्या ही नित्याची बाब आहे.

निर्णय

वरील संस्थेचा विचार केला, तर निष्कर्ष स्पष्ट आहे. तिने किमान ४८ मार्ग सांभाळणारा, मांडण्या साठविणारा व हातानेही चालणारा मध्यम फलक घ्यावा. सहा एलईडी दिवे स्वतःचे असावेत. १००० वॅटचे दिवे आणि त्यांचे डिमर मोठ्या सभागृहातील प्रयोगापुरते तेथलेच वापरावेत किंवा भाड्याने आणावेत, कारण त्यांचे वजन व वीज पेलण्याची सोय शाळेच्या सभागृहात नसते. उपलब्ध रकमेच्या निम्म्याहून अधिक भाग एकट्या फलकावर घालू नये. चांगल्या तारा, दिवे टांगण्याच्या भक्कम पकडी, प्रत्येक टांगत्या दिव्याला सुरक्षा-साखळी आणि राखीव बल्ब यांना उरलेली रक्कम लागतेच.

ज्या संस्थेचे बहुतेक प्रयोग नुक्कडावर किंवा दिवसाउजेडी होतात, तिने फलक मुळीच घेऊ नये. पथनाट्याने प्रकाश-उपकरणांवाचून प्रेक्षकांना खिळवून ठेवता येते हे सिद्ध केले आहे. उलट, साधनांची विपुलता म्हणजे प्रभावी प्रकाश नव्हे. १९५९ साली कलकत्त्यात तापस सेन यांनी ‘सेतू’ नाटकात धावत्या आगगाडीचा आणि ‘अंगार’ नाटकात खाणीत शिरणाऱ्या पाण्याचा आभास केवळ प्रकाशातून निर्माण केला. आजच्या स्मृतिधारी फलकांचा त्या वेळी जन्मही झाला नव्हता. त्यांच्या यशाचे मूळ नाटकाच्या संहितेच्या अभ्यासात होते. कोणता दिवा कोणत्या शब्दावर आणि का बदलावा, हे त्यांनी आधी ठरविले होते. हौशी संस्थेनेही फलक पाहावयास जाण्यापूर्वी आपल्या आगामी नाटकाची संहिता घेऊन प्रकाशबदलांची यादी करावी. त्या यादीतील बदलांची संख्या, त्यांतील सर्वांत घाईचा क्षण आणि सर्वांत संथ क्षण एवढे कळले की कोणता फलक घ्यावा या प्रश्नाचे बहुतेक उत्तर मिळालेले असते.